पाच खाड्या म्हणजे एक आंबोली

गेल्या अंकात मी सायकलवरच्या कोकण फेरीविषयी दोन पानं लिहिली आणि संपादकांनी खाली 'शंका असतील तर जरूर कळवा' अशी ओळ घातली. ओळ घालायला त्यांचं काय जातं! पत्रांचा गठ्ठा माझ्या घरी आला. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, कोल्हापूर जिल्ह्यातून खाली कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर. 2016 साली निवृत्त झालो. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी सायकल सांगितली, आणि हात जुन्या सवयीने घाटाकडे वळले. आता प्रश्न.

काका, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार. माझ्याकडे वडिलांची साधी, बिनगिअरची सायकल आहे. अलिबाग ते मालवण तिच्यावर जमेल ना? (कॉलेज विद्यार्थी, मिरज)

सायकलला जमेल रे. तुला जमेल का, ते बघू.

'किनारा म्हणजे सपाट' हे घाटावरच्या माणसाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की मीसुद्धा पहिल्या वेळी फसलो. अर्धं आयुष्य त्याच रस्त्यांवर गाडी चालवूनही! इंजिन चढ चढतं तेव्हा ड्रायव्हरच्या मांड्यांना ते कळत नाही, त्याचा हा परिणाम. कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे, म्हणजे वर सपाट असलेले उघडे कातळमाथे, आणि सह्याद्रीतून निघून पश्चिमेला धावणाऱ्या आखूड नद्यांनी ते जागोजाग कापलेले. गाव खाली खाडीच्या तोंडाशी, माडाच्या सावलीत. पुढचं गाव पुढच्या खाडीच्या तोंडाशी. मध्ये सडा. म्हणजे रस्ता गावातून उठतो, शंभर-सव्वाशे मीटर वर चढतो, दोन-चार किलोमीटर उघड्या कातळावरून जातो आणि परत खाली येतो. की लगेच पुढचा चढ.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे. दिवसात पाच खाड्या ओलांडल्यास तर जवळजवळ तेवढीच चढाई होते, फक्त सुट्या पैशांत. घाट एकदा चढला की संपतो. किनारा संध्याकाळपर्यंत संपत नाही.

आता तुझ्या सायकलचं गणित. साध्या सायकलला पुढे 44 दात आणि मागे 18 असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाटीला झकास. माझ्या सायकलला पुढचं सगळ्यात लहान चेनव्हील 22 दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठं 34 चं. पायडल पूर्ण फिरतं तेव्हा चाक पाऊण फेरीसुद्धा घेत नाही. त्यावर चढताना शेजारून चालणारी म्हातारी पुढे निघून जाते, पण मी सायकलवरून उतरत नाही. तू उतरशील. चढावर हातात धरून चालशील. त्यात लाज काही नाही, फक्त दिवसाला 80 किलोमीटरचं जे स्वप्न पत्रात लिहिलं आहेस ते 40 वर आण. आणि गिअरची सायकल कुणाकडून मिळालीच तर एसटीतला एक नियम लक्षात ठेव. लहान गिअर चढ सुरू होण्याआधी टाकायचा, चढात अडकल्यावर नाही. जोर लावून पायडल मारत गिअर बदललास की चेन कुरकुरते, निसटते, आणि भर चढात तू आडवा.

मालवणी मुलखात रस्ता विचारलास तर उत्तर येईल, "हयसरच आसा, थोडो चढ आसा." हे ऐकलंस की आधी पाणी पी.

आम्ही दोघं, वय 54 आणि 49. कोल्हापूरहून निघून जंगलातून खाली उतरायचं, समुद्र बघायचा आणि दुसऱ्या घाटाने परत यायचं असं मनात आहे. पाच दिवसांची रजा आहे. कुठला घाट उतरावा, कुठला चढावा? (कोल्हापूर)

पाच दिवसांत होईल, पण मग समुद्र बघायचा राहील. नऊ दिवस काढा. न मिळाले तर अर्धीच फेरी करा आणि सावंतवाडीहून गाडीत बसून परत या. मी कुणाला नावं ठेवणार नाही.

माझा सल्ला असा की फोंडा घाट उतरा आणि आंबोली चढा. कारणं सांगतो.

पहिल्या दिवशी फक्त राधानगरी. पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतील, भोगावतीच्या काठाने, उसातून. कारखान्यांचा हंगाम चालू असेल तर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांपासून लांब राहा. मागची ट्रॉली पुढच्याचं ऐकत नाही. दुपारी शाहू महाराजांनी बांधलेलं धरण बघून या. मुक्काम तिथेच करा, लोभाने दाजीपूर गाठू नका. राधानगरी ते दाजीपूर हा जो तीसेक किलोमीटरचा पट्टा आहे, तो अभयारण्याच्या कडेने जातो, आणि तो सकाळीच करायचा. राधानगरीचं जंगल 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे हे कळलं तेव्हा आमच्या डेपोत एकजण म्हणाला होता, "म्हणजे आता खड्डे बुजणार." असो. जंगल मात्र खरोखरच तसं आहे. अंजनी, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या, आणि हिवाळ्यात साडेआठपर्यंत रस्त्यावर दव.

गवे दिसतील. सकाळी किंवा तिन्हीसांजेला ते रस्ता ओलांडतात. गवा दिसला तर घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका. थांबा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा आणि कळप संपेपर्यंत उभे राहा. एक गेला म्हणून निघायचं नाही, मागे बहुधा दुसरा असतो. मी गाडी बंद करून पंधरा-पंधरा मिनिटं थांबलो आहे, आणि माझ्याकडे सायकल नव्हती, बस होती.

मग फोंडा घाट. उताराविषयी एक गोष्ट मला स्वतःला नव्याने शिकावी लागली. आम्हाला शिकवलेलं असतं की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. सायकलवर पहिल्यांदा घाट उतरताना मी इमानदारीने लहान गिअर टाकला. काहीही झालं नाही! फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातांची चकती, फिरत राहिलं आणि सायकल सुटली. सायकलला धरून ठेवायला ब्रेकशिवाय कुणी नाही. म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते आणि लांब उतारावर ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा मिळून दाबा, सोडा, परत दाबा. वळणात शिरायच्या आधी वेग मारा, वळणात नाही. दर दहा मिनिटांनी थांबून रिमला बोट लावून बघा. बोट ठेववेना तर दरी बघत बसा जरा वेळ.

खाली फोंड्यातून नांदगाव तिठा आणि तिथून सरळ देवगड. देवगड ते मालवण पन्नासेक किलोमीटर आहे. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. वरचं गणित इथे लागू होतं, म्हणून हा पूर्ण एक दिवसाचा रस्ता समजा. मालवणात एक दिवस सायकल भिंतीला टेकवून ठेवा. पुढे वेंगुर्ल्याला जाताना तारकर्लीच्या मोहात देवबागपर्यंत जाल तर समोर कर्ली नदीचं मुख येतं आणि रस्ता संपतो. चौके, धामापूर, नेरूरपार पूल, तिथून परुळे असं जा. धामापूरचा तलाव 1530 सालचा आहे. भगवती मंदिराच्या पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून मी तिथे अर्धा तास बसलो होतो तेव्हा बायकोचा फोन आला, कुठे आहात. सांगितलं, चढावर.

आता आंबोली शेवटी का, तर तोवर तुमचे पाय तयार झालेले असतात. दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. सह्याद्रीची कोकणाकडची उतरण पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य डोंगराच्या मागून उगवतो. म्हणजे खालून घाट चढताना सकाळचा बराच वेळ तुम्ही डोंगराच्याच सावलीत असता. सावंतवाडीहून आंबोली तीस किलोमीटर, पण खरा चढ दाणोली सोडल्यावर लागतो. अंधार फिटता फिटता निघा, दाणोलीत चहा घ्या आणि ऊन रस्त्यावर यायच्या आत घाट निम्म्याच्या वर मागे टाका. मला पहिल्या वेळी वर पोचायला पावणेचार तास लागले. आदल्या रात्री सुरमईची थाळी दोनदा वाढून घेतली होती, तोही त्यातला एक तास धरा.

वरून पुढे आजरा, गडहिंग्लज. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या, पण पोस्टाने पाठवा. कारण खालच्या उत्तरात येतंय.

सामान किती न्यावं? (सातारा, ठाणे, बेळगाव आणि आणखी चौघं)

नऊ किलो. एका चादरीची सुद्धा सूट मिळणार नाही.

हा आकडा मी 2018 च्या जानेवारीत विकत घेतला. त्या वेळी माझ्या मागच्या कॅरिअरवर बावीस किलो होतं: स्टोव्ह, सोलापुरी चादर, दोन जोड चपला, शेंगदाण्याची चटणी एक डबा, आणि 'लागली तर' म्हणून अख्खं एक टायर. पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडी मागे टाकली, कशेळीच्या चढाला लागलो आणि मागच्या चाकातून 'टिंग' असा आवाज आला. स्पोक गेला. पन्नास पावलांवर दुसरा. दोन्ही गेले ते चेनच्या बाजूचे, कारण मागच्या चाकात ताण त्याच बाजूला जास्त असतो. जादा स्पोक माझ्याकडे होते. पण त्या बाजूचा स्पोक घालायचा तर आधी फ्रीव्हील काढावं लागतं, आणि ते काढायचा पुलर घरी, पेटीत. स्टोव्ह मात्र होता.

एका टेम्पोवाल्याने राजापूरपर्यंत सोडलं. तिथल्या सायकल दुकानातल्या पोराने वीस मिनिटांत दोन स्पोक घालून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, आणि कॅरिअरकडे बघून विचारलं, "काका, घर बदलताय का?"

तेव्हापासून: दोन जोड कपडे, एक पातळ चादर, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चेनचा पुलर, फ्रीव्हीलचा पुलर, तीन स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधलेले, ब्रेक रबरची एक जोडी. जांभ्याची तांबडी धूळ आणि दव मिळून ब्रेक रबर कानशीने घासावं तसं झिजवतात. पाणी तीन लिटर, ते नऊ किलोत धरलेलं नाही. सड्यावर झाड नसतं, आणि मार्चनंतर तो कातळ तव्यासारखा तापतो. पाणी संपलं तर कुठल्याही घरी मागा. तांब्या येतो, पाठोपाठ गुळाचा खडा येतो, आणि मग "खंयचे तुम्ही" सुरू होतं. घाई असेल तर शाळेच्या नळावर भरा.

मी 27 वर्षांची आहे. अलिबाग ते रत्नागिरी एकटीने जायचा विचार आहे. होड्यांमध्ये सायकल घेतात का? आणि एकट्या मुलीने जावं का? (पुणे)

होड्यांचं मी सांगतो. दुसरा प्रश्न माझ्या मुलीकडे पाठवला, कारण ती या वाटेने एकटी जाऊन आली आहे आणि मी पुरुष आहे.

अलिबागकडून निघाल्यावर रेवदंड्याला पूल आहे, कुंडलिका त्याच्यावरून ओलांडायची. लगेच कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजातून निपजलेली एक बोली घराघरांत बोलतात. चहाला थांबलीस तर कान उघडे ठेव. पुढे काशीद, मुरूड, आणि मग जंगल जेटीच्या, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीच्या, चार खेपा: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. चारही बोटींत ट्रक-मोटारी चढतात, त्यामुळे सायकलला कुणी नाही म्हणत नाही. तिकीट मामुली असतं. फळी ओली असते, सायकल हातात धरून चढव. मोटारींच्या मध्ये घुसू नकोस, कठड्याकडेला उभी राहा.

गाठ आहे ती शेवटच्या बोटीशी. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या मुक्कामी विचारून घे आणि दिवस बोटीच्या हिशेबाने आख, किलोमीटरच्या नव्हे. दाभोळची बोट चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला रस्त्याने जायला चिपळूणवरून वळसा पडतो, म्हणजे दुसरा दिवस गेलाच. या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. ते झाले की ही काळजी जाईल. माझ्यासारख्याला बोटीत बसून मांड्या चोळायला मिळणारी पंधरा मिनिटंही जातील.

उत्तरेकडून दक्षिणेला जाते आहेस ते बरोबर आहे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो वायव्येकडून. पाठीवर घेतलास तर निम्मी दमणूक कमी होते. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जा, तिथे रस्ता अगदी पाण्याला लागून आहे. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चात गेलीस तर वेळासला एक मुक्काम धर. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पहाटे आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण हल्ली गर्दी होते ती कासवांना.

आता मुलीचं उत्तर, तिच्याच शब्दांत: "बाबांनी जा किंवा जाऊ नको असं सांगायचं नाही, म्हणून मी सांगते. जा. चार वाजता सायकल बंद. मुक्काम घरगुती ठिकाणी, आणि फोनवर घरातल्या बाईशीच बोलायचं. आवाजावरून घर कळतं. किनाऱ्यावर मोकळ्यात तंबू ठोकायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. मोटारसायकलवर कुणी बराच वेळ मागे राहिलं तर पहिल्या दुकानाशी थांबून दुकानदाराशी बोलायला लागायचं. मला त्रास असा एकदाच झाला, तो शनिवारी, आणि तो माणूस गावातला नव्हता, सहलीला आलेला होता. म्हणून शनिवार-रविवार गर्दीच्या किनाऱ्यांवर काढायचे नाहीत. आणि 'एकटीच? आणि घरचे?' याचं उत्तर आधीच पाठ करून ठेव. दिवसाला वीस वेळा लागतं. मी सांगायचे, घरचे मागून गाडीने येतायत."

मी मागून येत नव्हतो. घरात फेऱ्या मारत होतो.

जुलैत आंबोलीचा पाऊस सायकलवर अनुभवायचा आहे. (मुंबई)

नको. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच दिवसांत. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, ओल्या रिमवर ब्रेक निम्मेच लागतात, दरडी येतात, आणि रविवारी धबधब्यापाशी मोटारींच्या तीन रांगा असतात. मी पावसाळ्यात तिथे गाडी चालवली ती पगारासाठी. दसऱ्यानंतर जा. धबधबा बारीक असेल, पण हिरवळ असेल आणि रस्ता तुमचा असेल. गणपतीच्या दिवसांत आणि शिमग्यालाही कोकणात सायकल नेऊ नका. गणपतीत महामार्ग चाकरमान्यांचा असतो, शिमग्यात वाट पालखीची असते. पालखी पुढ्यात आलीच तर चपला काढून बाजूला उभे राहा, जेवायलाही मिळतं.

घाटात एसटी मागून आली की जोरात हॉर्न मारते. दचकून पडायला होतं. ड्रायव्हर लोकांना सायकलवाल्यांचा एवढा राग का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, राग नाही हो. वळणावरचा हॉर्न तुमच्यासाठी नसतोच. तो वळणापलीकडून येणाऱ्या, आम्हाला न दिसणाऱ्या गाडीसाठी असतो. तुम्ही तर आम्हाला कधीच दिसलेल्या असता. सायकलवाला चढावर किती डगमगतोय त्यावरून तो कुठल्या बाजूला जाईल याचा अंदाज आम्ही दोन वळणं आधीपासून घेत असतो.

तुम्ही एकच करा. वळणावर बसच्या आतल्या बाजूला कधी राहू नका. बसचं तोंड रुंद वळसा घेतं, पण मागचं चाक आतून कापत येतं, आणि आरशात त्या वेळी तुम्ही नसता. बस मागे आलेली कळली की वळणाच्या आधीच पाय टेकवून थांबा, ती जाऊ द्या. ड्रायव्हरने हात वर केला तर तो नमस्कार समजा.

दचकण्याला मात्र माझ्याकडे औषध नाही. माझीच गत सांगतो. सात वर्षं सायकल चालवतोय, तरी आंबोलीच्या प्रत्येक वळणावर माझा अंगठा आपोआप घंटीवर जातो. टिंग टिंग. पलीकडून ट्रक येतो, त्याला काय ऐकू जाणार!